एकाच कायद्याची दोन शहरं

२ मे १९४३ रोजी मुंबईत रेशनिंग सुरू झालं. त्याआधी चाळीचाळीत, खोलीखोलीत जाऊन माणसं मोजली गेली. मोठी किती, लहान किती. मग कार्ड, ठरलेलं दुकान आणि माणशी ठरलेलं धान्य. आदल्या वर्षी ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला होता, तिथला तांदूळ यायचा थांबला होता, आणि मुंबईचं पोट तर बाहेरच्या धान्यावरच भरायचं.

रेशनिंगसाठी लागणारे अधिकार सरकारपाशी १९३९ पासूनच होते, आणि ते ज्या नियमावलीत होते तिच्यात डांबण्याचाही अधिकार होता. भारत संरक्षण नियमांपैकी सव्विसाव्या नियमाखाली कुणालाही चौकशीविना डांबता येई. बेचाळीसच्या चळवळीत तो सर्रास वापरला गेला. त्याच नियमावलीतला एक्क्याऐंशीवा नियम धान्याच्या भावावर आणि साठ्यावर नियंत्रण ठेवू देई.

हीच नियमावली बंगालमध्येही लागू होती. तिथे मात्र जपानी येतील या धास्तीने सरकारने किनाऱ्यालगतचा तांदूळ उचलला आणि हजारो होड्या काढून घेतल्या. ज्या मुलखात रस्ता म्हणजे नदी, तिथे होडी गेली म्हणजे मासेमारी गेली, कुंभाराचा बाजार गेला, धान्याची ने-आण गेली. कलकत्त्याच्या कारखान्यांतल्या कामगारांना धान्य मिळत राहिलं, कारण लढाईला त्यांची गरज होती. खेड्यातल्या भूमिहीन मजुराची गणती कुणी केलीच नाही. दुष्काळात सरकारने काय करायचं हे सांगणारी दुष्काळ संहिता हाताशी असूनही दुष्काळ जाहीर झाला नाही. कलकत्त्यात रेशनिंग आलं ते जानेवारी १९४४ च्या अखेरीस. तोवर लाखो माणसं गेली होती. सरकारी चौकशी आयोगाने मृतांचा आकडा सुमारे पंधरा लाख धरला. पुढच्या अनेक अभ्यासकांनी तो तीस लाखांच्या घरात नेला.

मुंबईच्या त्या कार्डाची थोरवी मी मनापासून मानतो. तरी एक गोष्ट सलते. मुंबईचं मंत्रिमंडळ १९३९ च्या अखेरीसच राजीनामा देऊन बाहेर पडलं होतं, कारभार गव्हर्नरच्या हाती होता. धान्य कमी पडलं असतं, तर जाब विचारायला विधिमंडळच भरत नव्हतं. त्या वेळी अधिकारी जागरूक निघाले, हे आपलं नशीब.

लढाई संपल्यावर धान्याचा आणि डांबण्याचा, दोन्ही अधिकार नव्या रूपात परत आले. १९४६ च्या पुरवठा कायद्याच्या नावातच ‘तात्पुरते अधिकार’ असे शब्द होते. तो आठ वर्षांहून थोडा अधिक काळ चालला आणि १९५५ मध्ये त्याची जागा जीवनावश्यक वस्तू कायद्याने घेतली. रेशन दुकानांचे परवाने आजही त्याच कायद्याखालच्या आदेशांनुसार दिले जातात. चौकशीविना डांबण्याची मुभा १९५० च्या प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्याने पुन्हा दिली, आणि तो स्वतंत्र भारताच्या संसदेने केलेला कायदा होता.