गोष्ट दोन मित्रांची, आणि ड्रमवरच्या बाईची

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या निवासी शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजच्या सत्राचा विषय आहे 'संघटनेतलं श्रेय आणि निर्णय'. या विषयावर आपल्यातलंच उदाहरण घेतलं की काय होतं हे आपल्याला ठाऊक आहे. 'हे नेमकं कुणाबद्दल चाललंय?' अशी कुजबुज सुरू होते आणि मुद्दा बाजूला राहतो. म्हणून मी मुद्दाम लांबचं उदाहरण घेतलं आहे. परक्या माणसांबद्दल जरा शांतपणे विचार करता येतो. आपल्याबद्दलचा विचार मग परतीच्या एस.टी.त करता येईल.

गोष्ट ऑस्ट्रेलियातल्या 'द गो-बिट्वीन्स' या बँडची आहे. लग्नाच्या वरातीतला बँड डोळ्यांसमोर आणू नका. चार-पाच जणांनी मिळून स्वतःची गाणी बसवायची, गावोगाव कार्यक्रम करायचे, रेकॉर्डी काढायच्या, असा हा संच. मोठ्या कंपन्यांच्या वाऱ्याला न जाता छोट्या स्वतंत्र कंपन्यांमार्फत पुढे आलेल्या अशा संचांना 'इंडी' म्हणतात. मला त्या संगीतातलं फारसं कळत नाही. मला कळते ती त्यातल्या माणसांची वागणूक, आणि ती फार ओळखीची वाटली.

सुरुवात ब्रिस्बेन शहरात झाली. ब्रिस्बेन ही क्वीन्सलंड राज्याची राजधानी. १९६८ ते १९८७ अशी एकोणीस वर्षं तिथे यो बिएलके-पीटरसन या कट्टर उजव्या नेत्याचं सरकार होतं. १९७७ मध्ये या सरकारने रस्त्यावरच्या मोर्चांवर जवळजवळ बंदीच घातली. तरीही लोक मोर्चे काढत आणि पोलिसांच्या गाड्या भरभरून अटका होत. त्याच वर्षी डिसेंबरात रॉबर्ट फॉर्स्टर आणि ग्रँट मॅक्लेनन या विद्यापीठातल्या दोन मित्रांनी हा बँड सुरू केला. ग्रँटला तेव्हा वाद्यही वाजवता येत नव्हतं, रॉबर्टने त्याला बेस गिटार शिकवली. नाव घेतलं एल. पी. हार्टली यांच्या कादंबरीवरून. त्याचा अर्थ मध्यस्थ, दोघांमध्ये निरोप पोचवणारा.

१९८० मध्ये लिंडी मॉरिसन त्यांना येऊन मिळाली आणि ड्रमवर बसली. आपल्या ढोलकीवाल्याला जे काम असतं तेच इथे ड्रमवाल्याला असतं. सगळ्यांचा ठेका त्याच्या हातात. तो चुकला की गाणं कोसळतं.

ही लिंडी कोण होती? जन्म १९५१चा, म्हणजे त्या दोघांपेक्षा सहा-सात वर्षांनी मोठी. शिक्षणाने समाजकार्यकर्ती. मूळच्या आदिवासी समाजाला कायद्याची मदत देणाऱ्या संस्थेत तिने ब्रिस्बेनमध्ये काम केलेलं होतं. पथनाट्यं केली होती. स्त्रीमुक्तीच्या चळवळीत होती, आणि बायकांच्या पुढाकाराने चालणाऱ्या 'झीरो' नावाच्या बँडमध्ये ड्रम वाजवत होती. वाद्यावरचा हात, माणसांचा अनुभव, राजकारणाची समज, सगळं घेऊनच ती आली. पण गोष्ट सांगितली जाते ती अशी: दोन हुशार मित्र होते, त्यांनी बँड काढला, मग त्यांना एक ड्रमवाली मिळाली. पुढे तिचं आणि रॉबर्टचं नातं जुळलं, आणि मग तर 'रॉबर्टची मैत्रीण' ही ओळख आयतीच तयार होती!

१९८२ मध्ये मंडळी लंडनला गेली. परक्या शहरात, हलाखीत दिवस काढले. १९८३ मध्ये त्यांचा 'बिफोर हॉलिवूड' हा संग्रह आला. त्यात ग्रँटचं 'कॅटल अँड केन' हे त्याच्या क्वीन्सलंडमधल्या बालपणाच्या आठवणीवरचं गाणं आहे. २००१ मध्ये गीतकार-संगीतकारांच्या संस्थेने ऑस्ट्रेलियातली सर्वोत्तम तीस गाणी निवडली, त्यांत ते होतं. आता गंमत बघा. या गाण्याचं आवर्तन चार मात्रांचं सरळसोट नाही. पाच, दोन आणि चार अशा अकरा मात्रांवर ते फिरतं. ऐकणाऱ्याला ते अडखळल्यासारखं वाटत नाही, कारण मागे लिंडी बसलेली आहे. गाण्याचं कर्तेपण मात्र दोघा पुरुषांच्या नावावर.

यात कुणी कट केला होता असं मी म्हणत नाही. संगीताच्या व्यवसायातली रीतच अशी आहे. शब्द आणि चाल ज्याची, तो गाण्याचा कर्ता. पुढे ते गाणं कुठेही वाजलं की कर्त्याच्या नावे पैसे जमा होतात. ठेका ज्याने उभा केला तो 'वाजवणारा', आणि त्याचा वाटा बराच कमी. स्वयंपाकघरातला हिशेब आपल्याला वेगळा समजावून सांगायला नको. धान्य आणलं कुणी हे घराला आठवतं, रांधलं कुणी हे गृहीत असतं.

लिंडीला तर वाजवण्याची जागासुद्धा प्रत्येक वेळी पूर्ण मिळाली नाही. १९८४च्या आणि १९८८च्या संग्रहांमध्ये काही गाण्यांना तिच्या हातांऐवजी यंत्राचा ठेका लावला गेला. त्या काळात ती पद्धतच होती, निर्मात्यांना घड्याळासारखा ठेका हवा असे. पण स्टुडिओत बसून आपल्या जागी यंत्र लागलेलं बघणं कसं असेल? गिरणीतल्या, विडीच्या कारखान्यातल्या बायकांबरोबर ज्यांनी काम केलंय त्यांना विचारा. यंत्र आलं की पहिली जागा कुणाची जाते?

१९८६ मध्ये अमँडा ब्राउन ही तरुण वादक बँडमध्ये आली. व्हायोलिन, ओबो, गिटार, शिवाय गाण्यात साथ. तिच्या येण्याने बँडचा आवाजच बदलला, त्यात मोकळेपणा आला. १९८७चा 'टालुला' आणि १९८८चा 'सिक्स्टीन लव्हर्स लेन' हे संग्रह ऐकणाऱ्यांना हे लगेच जाणवतं. तिचं आणि ग्रँटचंही नातं जुळलं. 'स्ट्रीट्स ऑफ युअर टाउन' हे गाणं गाजेल असं सगळ्यांना वाटलं होतं. समीक्षकांनी डोक्यावर घेतलं, पण खप म्हणावा तसा झाला नाही. पाच-सहा वर्षं लंडनमध्ये काढून मंडळी सिडनीला परतली होती. १९८९ मध्ये आर. ई. एम. या मोठ्या अमेरिकन बँडबरोबर युरोपचा दौरा झाला. तरी हाती फार काही लागलं नाही.

आणि मग त्या वर्षीचा डिसेंबर. रॉबर्ट आणि ग्रँट यांनी आपसांत ठरवलं की बँड बंद करायचा. ठरल्यावर दोघांनी एकाच दिवशी जाऊन दोघींना वेगवेगळं सांगितलं. रॉबर्टने लिंडीला, ग्रँटने अमँडाला. लिंडीची नऊ वर्षांहून जास्त मेहनत त्यात होती. अमँडाच्या बाबतीत तर काम आणि घर एकाच निरोपात आलं. तिने त्याच वेळी ग्रँटला सोडलं.

ही बातमी ऐकून पुष्कळ जण म्हणतील, "दोघांनी सुरू केलं, दोघांनी थांबवलं, यात एवढं काय?" मी या प्रश्नावर बराच विचार केला. बारा वर्षांनी माणूस थकतो. पैसा नाही, यश नाही, तर त्याने निघून जावं. सोडून जाण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, रॉबर्टला होता, ग्रँटला होता. पण त्यांनी 'आम्ही जातो' असं म्हटलं नाही. 'हे आता संपलं' असं म्हटलं. सोडून जाण्याचा हक्क एकट्याचा असतो. मोडण्याचा हक्क सगळ्यांचा मिळून असतो. ज्यांनी इतकी वर्षं साथ दिली त्यांना बैठकीलाच बोलावलं नाही, निर्णय फक्त कळवला. बैठक झाली असती तरी कदाचित बँड मोडलाच असता. पण मग मोडण्यात त्या दोघींचाही आवाज असता.

त्यानंतर गोष्ट पुन्हा दोन मित्रांची झाली. २००० मध्ये दोघांनी जुन्याच नावाने बँड पुन्हा उभा केला, लिंडी आणि अमँडा यांच्याशिवाय. म्हणजे नावही दोघांचंच! ६ मे २००६ रोजी ग्रँट वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी अचानक गेला, आणि गोष्टीला शोकांतिकेची किनार लागली. ज्या ब्रिस्बेनमध्ये एकेकाळी मोर्चाला रस्ता नव्हता, तिथे २०१०मध्ये खुल्या झालेल्या नदीवरच्या नव्या पुलाला या बँडचं नाव मिळालं. २०१६मध्ये रॉबर्टने आठवणींचं पुस्तक लिहिलं. त्याचं नाव 'ग्रँट अँड आय', ग्रँट आणि मी. मित्र गमावलेल्या माणसाने असं पुस्तक लिहावं हे अगदी स्वाभाविक आहे. त्याच्या दुःखाबद्दल मला आदर आहे. पण कपाटात एकच पुस्तक असलं की तेच इतिहास होऊन बसतं.

सुदैवाने ते एकटं राहिलं नाही. २०१७मध्ये क्रिव्ह स्टेंडर्स यांनी बँडवर माहितीपट केला. त्यात लिंडी आणि अमँडा स्वतः बोलतात, डिसेंबर १९८९बद्दलही बोलतात. इतक्या वर्षांनीही त्यांचा राग विझलेला नाही, आणि तो त्यांनी गोड करून सांगितलेला नाही. मग २०२१मध्ये इंग्लंडमधली गायिका ट्रेसी थॉर्न हिने लिंडीवर आख्खं पुस्तक लिहिलं. दोघींची ओळख १९८३ची. लंडनला एका कार्यक्रमाच्या वेळी लिंडी तिच्या खोलीत घुसली आणि कुणाकडे लिपस्टिक आहे का म्हणून मोठ्याने विचारू लागली! लाजऱ्या, विशीतल्या ट्रेसीला ही मोठ्या आवाजाची बाई फार आवडली. आणि जवळजवळ चाळीस वर्षांनी, आपली मैत्रीण इतिहासातून पुसली जाते आहे हे बघून तिने लेखणी उचलली. मला हे या गोष्टीतलं सगळ्यात मोलाचं वाटतं. दोन मित्रांच्या मैत्रीचा इतिहास होतो. दोन मैत्रिणींच्या मैत्रीचाही होऊ शकतो, पण तो आपणच लिहावा लागतो.

लिंडीला बिचारी म्हणून घरी घेऊन जाऊ नका. बँड मोडल्यावर या दोघींनी मिळून 'क्लिओपात्रा वाँग' नावाचा स्वतःचा बँड काढला. अमँडा पुढे चित्रपटांना संगीत देऊ लागली. लिंडी अडचणीतल्या संगीतकारांना मदत करणाऱ्या 'सपोर्ट अॅक्ट' या संस्थेत अनेक वर्षं समाजकार्यकर्ती होती. वाजवणाऱ्यांना त्यांचा मोबदला मिळावा यासाठी तिने काम केलं. या कामाबद्दल तिला ऑर्डर ऑफ ऑस्ट्रेलियाचं पदक मिळालं. जिच्या ठेक्याची नोंद झाली नाही, तिने इतरांच्या ठेक्याची किंमत मागितली.

आता एस.टी.तला विचार थोडा इथेच सुरू करू. मी स्वतः एका मिश्र संघटनेत बरीच वर्षं होते. गावांची पाहणी आम्ही तिघींनी केली, अहवाल रात्री जागून मी लिहिला. छापून आला तेव्हा वर दोन भाऊंची नावं होती आणि आमचे आभार शेवटच्या पानावर 'भगिनी कार्यकर्त्यां'मध्ये होते. मी तेव्हा गप्प बसले. काम महत्त्वाचं, नावाचं काय, असं मला वाटायचं. आज वाटतं, ते बोलणं मला शिकवलेलं होतं. ज्यांची नावं छापून आली त्यांच्या तोंडून ते मी कधी ऐकलं नाही.

आणि हेही बोलू, की केवळ बायकांच्या संघटनांमध्येही 'दोन मैत्रिणींनी सुरू केलं' अशी गोष्ट तयार होत असते. भाषणं दोघी करतात. पत्रकं वाटणारी, मुलं सांभाळून मोर्चाला येणारी, पोलीस चौकीत रात्र काढणारी आपल्या इतिहासात कुठे आहे?

दुपारच्या गटचर्चेसाठी तीन प्रश्न देते. आपल्या संघटनेच्या गेल्या अहवालात कुणाची नावं आहेत आणि कुणाची नाहीत? गेल्या वर्षातला सगळ्यात मोठा निर्णय कुठल्या खोलीत झाला आणि तेव्हा त्या खोलीत कोण नव्हतं? आणि उद्या काही मोडायचंच झालं, तर कुणाकुणाला विचारायचं, हे आपण आजच लिहून ठेवलं आहे का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक गटांत 'नाही' येईल. तसं आलं तर चर्चा तिथेच संपवू नका. कागद घ्या आणि लिहायला बसा. आणि खाली, ज्या लिहितील त्या सगळ्यांची नावं घाला.