तंबोऱ्यातला गंधार आणि ऊदवरचा गंधार

इथे बहारीनमध्ये मआमीरहून मुहर्रक जवळच आहे. तिथल्या मुहम्मद बिन फारिस यांच्या ‘सौत’ या आखाती गायनप्रकाराच्या जुन्या तबकड्या आपल्याकडच्या एखाद्या तयार गायकाला ऐकवा. काही जागांवर तो हमखास म्हणेल, ‘हा स्वर उतरलाय.’ स्वर उतरलेला नसतो. वर्षानुवर्षे घोटलेला आपला कान प्रत्येक नाद ओळखीच्या जागेकडे ओढत असतो. म्हणून नवख्यापेक्षा तयार माणसाला असा स्वर शिकवणं मला अवघड वाटतं.

सप्तकाचे १२०० सेंट धरले, तर पेटीचा शुद्ध गंधार ४०० वर असतो. तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा गंधार साधारण ३८६ वर, आणि त्याच पद्धतीचा कोमल गंधार ३१६ च्या आसपास. अरबी संगीतातल्या ‘रास्त’ या मकामातला (मकाम म्हणजे आपल्या रागासारखी स्वरचौकट) तिसरा स्वर या दोघांच्या मधोमध, साडेतीनशेच्या जवळपास राहतो. तोही एका जागी बसून नसतो: इस्तंबूलला चढा, कैरोत त्याहून उतरता. १९३२ साली कैरोच्या अरबी संगीत परिषदेत सप्तकाचे चोवीस समान भाग करावेत की नाही यावर खल झाला, एकमत झालं नाही.

आपल्याकडेही हा वाद जुनाच. सांगलीच्या कृ. ब. देवलांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातल्या श्रुती मोजल्या, ब्रिटिश अधिकारी क्लेमंट्ससाहेबांनी त्यावरून श्रुती-हार्मोनियम बनवून घेतली, आणि १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर वाद रंगला. त्यातली मला मोलाची वाटते ती एकच गोष्ट: मोजमाप गळ्यापासून सुरू झालं. शिकवतानाही क्रम तोच हवा. आकडे आधी दिले की विद्यार्थी आकडा गातो.

म्हणून पहिल्या दिवशी पेटी बंद. तंबोरा नीट जुळवायचा, जवारी खुलवायची, खर्जातला गंधार ऐकायचा आणि आकाराने त्याला मिळायचं. सूर मिळाला की दोन नादांमधली थरथर थांबते. तिथून मींडेनं सावकाश कोमल गंधारापर्यंत उतरायचं, पुन्हा चढायचं. हे सहज होऊ लागलं की वाटेत मध्येच, रास्तच्या गंधारावर, थांबायचं.

इथे एक अडचण येते, आणि ती फारसं कोणी सांगत नाही. मधल्या जागेवर थांबलं की तंबोऱ्यातला गंधार गळ्याला वर खेचतो. आजवर ज्याने सूर दिला, तोच आता अडवतो. म्हणून या टप्प्यावर तंबोरा बाजूला ठेवावा. ऊद या अरबी तंतुवाद्यावर फक्त षड्ज छेडावा, आणि सुटा स्वर न घोटता पंचमावरून उतरत त्या गंधारावर येऊन षड्जावर विसावणारी जागा गावी. दरबारीचा गंधार आपण असाच शिकलो ना? आंदोलन गुरूच्या तोंडून आलं, मोजपट्टीवरून नाही. ऊदला पडदे नसतात, त्यामुळे वादकाचं बोट जिथे जाईल तिथे गळ्याला जावंच लागतं. शक्य असेल त्यांनी इथल्या एखाद्या ऊदवादकाशेजारी बसून ही जागा आधी त्याच्याबरोबर, मग त्याच्यामागून म्हणावी. आणि सुरुवातीचे काही आठवडे घरी पेटीवर ती शोधू नये.