कामाचे छायाचित्र : नवशिक्यांसाठी चार गोष्टी

(नेकनूर, जि. बीड येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व कर्मचारी यांच्यासमोर एका माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी व्यवसायाने छायाचित्रकार नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. मराठी वाङ्मय शिकून मी शासकीय सेवेत आलो आणि रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात वरिष्ठांनी माझ्या गळ्यात कॅमेरा अडकवला. तो रोलचा कॅमेरा होता. एका रोलमध्ये ३६ चित्रे, आणि रोल जपून वापरण्याची सक्त ताकीद. एका गावी पाझर तलावाचे लोकार्पण होते. मी मोठ्या उत्साहाने गेलो. रोल धुऊन आला तेव्हा ३६ पैकी ३३ चित्रांत पाहुणे होते : फीत कापताना, नारळ फोडताना, हार घेताना, हार घालताना. उरलेल्या तिनांत व्यासपीठ होते. काही दिवसांनी ती चित्रे घेऊन मी त्या गावी गेलो. एका वृद्ध शेतकऱ्याने ती सगळी सावकाश पाहिली, परत माझ्या हाती दिली आणि विचारले, "सायेब, तळं कुठंय ह्याच्यात?"

त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. पुढे काही वर्षांनी त्या तलावामुळे खालच्या अंगाच्या विहिरींना पाणी टिकू लागले. त्याची हकिकत लिहिताना मी तलाव होण्यापूर्वीच्या ओढ्याचे चित्र शोधू लागलो. ते कोणाजवळही नव्हते. ओढा कोरडा होता हे सगळे गाव सांगत होते, पण दाखवता कोणालाच येत नव्हते. आज मी जे बोलणार आहे ते सारे त्या म्हाताऱ्याच्या प्रश्नातून आलेले आहे.

तेव्हा चित्र नसल्यामुळे माझी एक हकिकत अपुरी राहिली, एवढेच. आता चित्राअभावी माणसाचे नुकसान होते. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवर मजुरांची हजेरी भ्रमणध्वनीवरून, दिवसातून दोन वेळा, छायाचित्रासह नोंदवणे बंधनकारक झाले. म्हणजे मजुरी आणि छायाचित्र यांची गाठ पडली. घरकुलाच्या बांधकामाची टप्प्याटप्प्याची छायाचित्रे स्थाननोंदीसह चढवावी लागतात. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने आपल्या शेतात उभे राहून पिकाचे चित्र काढायचे असते. आपणांपैकी प्रत्येकजण, इच्छा असो वा नसो, छायाचित्रकार झालेला आहे. आणि ही गोष्ट किती गंभीर आहे याचा दाखला जुलै २०२५ मध्ये मिळाला. केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने परिपत्रक काढून या हजेरीतील गैरप्रकार नोंदवले. त्यात कामाशी संबंध नसलेली चित्रे चढवणे आणि प्रत्यक्ष माणसांऐवजी जुन्या छायाचित्राचेच पुन्हा छायाचित्र घेणे हेही होते. लबाडी करणाऱ्याला शिकवायला मी आलेलो नाही. पण प्रामाणिकपणे काम केलेल्या बाईचा चेहरा चित्रात काळा ठिक्कर आला, तर तिचा प्रामाणिकपणा सिद्ध करणे किती अवघड होते, हे आपण मनात आणावे.

ही विद्या केवळ कलावंतांची आहे असा संकोच आपल्याकडे फार आहे. म्हणून आपल्याच भागाशी नाते असलेल्या एका माणसाची गोष्ट सांगतो. लाला दीनदयाळ हे १८४४ साली मेरठजवळच्या सरधना येथे जन्मले. रुडकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकून ते इंदूरला सार्वजनिक बांधकामाच्या कचेरीत आराखडे आणि अंदाजपत्रके करण्याच्या नोकरीस लागले. म्हणजे आपल्यासारखेच सरकारी नोकर. कॅमेरा त्यांनी तिशीच्या सुमारास, हौस म्हणून हाती घेतला. पुढे ते निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले; आणि आपला बीड जिल्हा १९४८ पर्यंत त्याच राज्यात होता, हे आपण जाणताच. राजवाडे आणि शिकारी यांची त्यांची चित्रे प्रसिद्ध आहेत. परंतु १९०० च्या आगेमागे, मोठ्या दुष्काळात, तेव्हाच्या औरंगाबाद भागात जी मदतकार्ये चालली त्यांचीही छायाचित्रे त्यांच्या चित्रशाळेने घेतली. मराठवाड्यात शासकीय कामाच्या छायाचित्रणाची वाट अशी दुष्काळातून निघालेली आहे. काचेच्या जड पट्ट्या आणि तिकाटणे बैलगाडीच्या वाटांनी न्यायचे, अशा काळात ही चित्रे निघाली. आपल्या खिशातल्या यंत्राला तेवढे निमित्त सांगता येणार नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पहिली गोष्ट इतकी साधी आहे की सांगताना मला लाज वाटते, पण निम्मी धूसर चित्रे तिच्यामुळे सुधारतील. भ्रमणध्वनीचे भिंग पुसा. दिवसभर तो खिशात, हातात, कानाशी असतो. त्या भिंगावर घाम, तेल आणि धूळ यांचा थर बसलेला असतो. धुतलेल्या मऊ सुती कापडाने पुसावे. शर्टाच्या धुळकट टोकाने पुसल्यास चरे पडतात.

दुसरी गोष्ट प्रकाशाची, आणि येथे मी थोडा रेंगाळणार आहे. आपले नेकनूर उत्तर अक्षांश १९ च्या किंचित खाली आहे. त्यामुळे मे महिन्याच्या मध्यास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस दुपारचा सूर्य नेमका आपल्या डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली पायाशीच विरते. उन्हाळी कामांची तपासणी नेमकी मे महिन्यात आणि बहुधा दुपारीच होते, कारण जीप तेव्हा पोचते. अशा उन्हात टोपीच्या किंवा डोक्यावरच्या पदराच्या सावलीत चेहरा बुडून जातो. टोपी लखलखीत पांढरी, चेहरा काळा आणि मागची काळी जमीन त्याहून काळी. यंत्राला यांतील कोणाला सांभाळावे ते कळत नाही. ते आपण सांगायचे असते. पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवा. यंत्र चेहऱ्यासाठी प्रकाश वाढवून घेते. टोपी थोडी अधिक पांढरी होईल, होऊ द्या. ओळख चेहऱ्याची पटवायची आहे. शक्य असेल तर माणसांना लिंबाच्या सावलीत घ्या, सर्वांना पूर्ण सावलीत. अर्धे उन्हात, अर्धे सावलीत असे मात्र कधी नको.

माणसांपेक्षाही जमिनीच्या कामाला दुपारचे ऊन घातक आहे. बालाघाटाच्या उतारावर खणलेले सलग समतल चर भर बारा वाजता टिपून पाहा. चित्रात एक सपाट, पिवळट माळ दिसेल. शेकडो माणसांचे हात लागलेले काम जणू नाहीसेच झालेले असते. तेच चर सकाळी सात वाजता पाहा. तिरप्या उन्हात प्रत्येक चराची एक कड उजळते, आत सावली भरते, आणि उतारावर ओळीमागून ओळ उमटते. बांध, शेततळे, वाफे या सर्वांना हाच नियम लागू आहे. जमिनीचा उंचसखलपणा सावलीनेच दिसतो. उलट वर्गात किंवा कचेरीत खिडकीकडे तोंड करून चित्र घेतल्यास समोरची माणसे काळ्या आकृती होतात. शिक्षकांनी स्वतः खिडकीकडे पाठ करून उभे राहावे, मुलांच्या चेहऱ्यावर उजेड आपोआप येईल. भ्रमणध्वनीच्या दिव्यावर विसंबू नये. त्याचा उजेड दोनतीन मीटरच्या पुढे फारसा कामाचा नसतो.

उभे कोठे राहावे, हे मात्र कोणत्याही पुस्तकापेक्षा आपला जनावरांचा बाजार चांगले शिकवतो. नेकनूरच्या बाजारात बैल पारखणारा माणूस काय करतो? तो एका जागी उभा राहून भाव ठरवत नाही. लांबून अंगलट पाहतो, बाजूने वशिंड आणि पाठ पाहतो, जवळ जाऊन दात मोजतो, खूर पाहतो आणि शेवटी चालवून बघतो. छायाचित्र घेणाऱ्यानेही कामाभोवती असेच फिरावे. लांबून एक चित्र, ज्यात परिसर आणि ओळखीची खूण येईल. मध्यम अंतरावरून एक, ज्यात पूर्ण काम येईल. जवळून एक, ज्यात दगडांची बांधणी, सांधा, भेग, पाण्याची पातळी दिसेल. पडद्यावर दोन बोटे फाकवून दूरची वस्तू मोठी करू नका. त्याने चित्र फुटते. पावले टाका. दोन्ही कोपरे अंगाशी टेकवून, श्वास क्षणभर रोखून कळ दाबा. पाण्याची कड किंवा क्षितिज आडवे ठेवा. तिरके धरल्यास पाणी भांड्यातून सांडत असल्यासारखे दिसते.

मापाचेही भान हवे. रिकाम्या खड्ड्याच्या चित्रावरून तो दीड फूट आहे की पाच फूट हे कोणी सांगू शकत नाही. आत एक माणूस उभा करा, नाही तर फावडे रोवा. मोजमाप हवे असेल तर मोजपट्टी अशी लावा की आकडे वाचता येतील. ज्या वस्तूचा आकार सर्वांना ठाऊक आहे अशी एक तरी वस्तू चौकटीत असावी.

आणि आता ते, जे मला माझ्या पाझर तलावाने शिकवले. काम सुरू होण्यापूर्वी चित्र घ्या. काम चालू असताना घ्या. झाल्यावर घ्या, आणि एक पावसाळा उलटल्यावर पुन्हा घ्या. ही सगळी चित्रे एकाच जागेवरून, एकाच दिशेने घ्यावीत. त्यासाठी जागेवर खूण करून ठेवावी : एखादा मोठा धोंडा, विजेचा खांब, देवळाची पायरी. चौकटीच्या एका कडेला न हलणारी वस्तू, झाड किंवा टेकडीची कड, दर वेळी त्याच ठिकाणी येऊ द्यावी. चित्रे शेजारी ठेवली की काय बदलले ते कोणालाही दिसते. काही बदलले नसेल तर तेही दिसते; त्याला आपली तयारी असावी. कोरड्या बंधाऱ्याचे चित्र पुसून टाकण्याचा मोह होतो. मला झालेला आहे. पण दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवताना त्याच चित्राची गरज पडते.

शिक्षकांसाठी एक निराळा प्रयोग सुचवतो. जुलैमध्ये वर्गाचे चित्र घ्या आणि त्याच जागेवरून डिसेंबरमध्ये घ्या. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांबरोबर किती मुले गेली हे हजेरीपटावर असतेच. परंतु बाकावरची रिकामी जागा ग्रामसभेत दाखवली तर हंगामी वसतिगृहाची किंवा गावात मागे राहणाऱ्या मुलांच्या सोयीची चर्चा लवकर मार्गी लागेल, असे मला वाटते. मात्र अशा चित्रात गेलेल्या मुलांची नावे लिहून मिरवू नयेत.

येथे संमतीचा प्रश्न येतो. सुधारक ओलवे या मराठी छायाचित्रकाराने मुंबईच्या सफाई कामगारांचे जगणे अनेक वर्षे टिपले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ज्यांचे जगणे टिपायचे त्यांच्यासाठी एवढा वेळ द्यावा लागतो. आपल्याला वर्षे देता येणार नाहीत, दोन मिनिटे तरी द्यावीत. नाव विचारावे, चित्र कशासाठी हवे ते सांगावे, काढल्यावर दाखवावे. मदतीचे पाकीट हातात देऊन लाभार्थ्याला कॅमेऱ्याकडे बघायला लावणारे चित्र शक्यतो टाळावेच. घेणाऱ्याची मान त्यात नेहमी खाली असते. मुलांच्या बाबतीत पालकांची संमती घ्यावी. आणि अत्याचारास बळी पडलेल्या बालकाची ओळख प्रसिद्ध करणे हा २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम २३ नुसार गुन्हा आहे. शाळेचे नाव किंवा घराचा दरवाजा दिसला तरी ओळख पटते, हे विसरू नये.

चित्र काढल्यावर ते सांभाळण्यात आपण फार कमी पडतो. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेले चित्र आकसते आणि त्यातील स्थळाची नोंद गळून पडते. दस्तऐवज म्हणून पाठवल्यास मूळ चित्र जसेच्या तसे जाते. दर महिन्याला चित्रे ग्रामपंचायतीच्या संगणकावर उतरवावीत, आणि धारिकेच्या नावातच गाव, काम व तारीख लिहावी. चित्राखाली काय लिहावे? काय, कोठे, कधी, आणि माणसे असतील तर डावीकडून उजवीकडे नावे. "मान्यवर व ग्रामस्थ" ही ओळ मी स्वतः शेकडो वेळा लिहिली आहे. आज ती चित्रे पाहताना मान्यवर आठवतात, ग्रामस्थांपैकी एकाचेही नाव सांगता येत नाही.

बोलणे लांबले. साडेचार वाजत आले आहेत आणि ऊन कलू लागले आहे. आता आपण सर्वांनी गावाबाहेरच्या ओढ्याकडे चालत जायचे आहे. प्रत्येकाने एकच काम निवडावे, बंधारा, रस्त्याची मोरी किंवा विहीर, आणि त्याची तीनच चित्रे घ्यावीत : लांबून, मधून, जवळून. जेथे उभे राहाल तेथे दगड ठेवून खूण करा. पावसाळा संपला की त्याच दगडाशी आपण पुन्हा उभे राहणार आहोत. आणि निघण्यापूर्वी, कृपा करून, भिंगे पुसून घ्या.