कुत्र्यामांजरांचा कर्करोग आणि दारची सदाफुली



कर्करोग हा शब्द कानावर पडला की आपल्या सिंधुदुर्गातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे परळ उभे राहते. १९४१ साली तेथे टाटांचे रुग्णालय सुरू झाले, आणि गिरणगावात राहणाऱ्या आपल्या चाकरमान्यांमुळे त्याचे नाव कोकणात घरोघर पोचले. पण त्याच परळात त्याहून जुनी अशी आणखी दोन ठिकाणे आहेत. एक, दिनशॉ माणेकजी पेटिट यांनी पत्नी साकरबाई यांच्या नावे उभे केलेले जनावरांचे इस्पितळ. आणि दुसरे, १८८६ साली सुरू झालेले मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय. माणसाला होतो तो रोग मुक्या जनावरालाही होतो, आणि त्याचाही इलाज होऊ शकतो, हे तेथे फार वर्षांपासून ठाऊक आहे. आपल्या गावात मात्र ते अजून पोचायचे आहे.

मी काही गुरांचा डॉक्टर नव्हे. कॉलेजात भाषा शिकवणारा साधा एम. ए. माणूस. पण आंबोलीला जाणेयेणे असल्यामुळे या विषयाशी माझी गाठ पडली, आणि जाणकार पशुवैद्यांना विचारून विचारून जे कळले ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

शेतकरी मंडळींना जनावराचा कर्करोग अगदीच नवा नाही. बैल सारखे डोके झटकतो, एका बाजूच्या नाकपुडीतून रक्तमिश्रित पाणी येते, शिंग बुडाशी ढिले पडते आणि एका अंगाला कलते. हा शिंगाचा कॅन्सर. बैलांमध्ये तो आपल्या देशात पुष्कळ आढळतो, आणि शिंग मुळापासून काढून टाकणे हा त्यावरचा उपाय आहे. बैल हा धन्याच्या उपयोगाचा, म्हणून त्याच्यासाठी धावपळ होते. कुत्र्याचे तसे नाही. त्यातून तो कुत्रा कोणाच्याच मालकीचा नसला तर विचारायलाच नको.

आंबोलीत पावसाळ्यात धबधब्याकडे गर्दी लोटते. मक्याची कणसे, भजी, बिस्किटे यांवर तिथली कुत्री पोसली जातात. एका चहाच्या टपरीपाशी अशीच एक तांबूस कुत्री असायची. शाळेत जाणारी पोरे तिला भाकरी टाकीत. तिच्या मागच्या बाजूने रक्त ठिबकू लागले तेव्हा टपरीवाली बाई मला म्हणाली, ‘‘सर, हेका रगात जाता. कोणीतरी धोंडो मारल्यान असतलो.’’ दुसऱ्या कोणी म्हटले, माजावर आली असेल. पण महिना उलटला तरी रक्त थांबेना, आणि मग फुलकोबीच्या तुऱ्यासारखे लालभडक मांस बाहेर दिसू लागले. झाले! ‘‘हा रोग पोरांना लागेल, तिला मारून टाका,’’ अशी बोलणी सुरू झाली. पोरांची तोंडे उतरली.

आता येथे जरा थांबू या, कारण त्या बोलण्यात अर्धी गोष्ट खरी होती आणि अर्धी साफ खोटी. हा रोग लागतो हे खरे. पण कुत्र्याचा कुत्र्याला. माणसाला तो होत नाही. एरवी कर्करोग हा ज्याच्या शरीरात उपजतो त्याच्याबरोबरच संपतो. हा मात्र एका कुत्र्याच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जातो. संगाच्या वेळी, किंवा चाटण्याहुंगण्यातून. म्हणून कधी कधी तो नाकातही होतो. येथे विषाणू नाही की जंतू नाही. गाठीतल्या जिवंत पेशीच नव्या कुत्र्याच्या अंगात रुजतात, जणू एका झाडाची फांदी तोडून दुसरीकडे लावावी. १८७६ साली नोविन्स्की नावाच्या रशियन पशुवैद्याने ही गाठ एका कुत्र्यावरून दुसऱ्यावर लावून दाखवली. पुढे या पेशींतली आनुवंशिक द्रव्ये तपासली तेव्हा आणखी नवल कळले. कुत्र्याच्या पेशीत ७८ गुणसूत्रे असतात, या गाठीच्या पेशीत ती साठाच्या आसपासच भरतात. म्हणजे ती त्या कुत्र्याची स्वतःची पेशीच नव्हे! जगभरातल्या कुत्र्यांतली ही गाठ एकाच मूळ कुत्र्यापासून आलेली आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार तो कुत्रा चार ते साडेआठ हजार वर्षांपूर्वी आशिया खंडात होऊन गेला असावा. तो मेला, त्याचा रोग मात्र अजून हिंडतो आहे.

निदान कसे करतात म्हणाल, तर ते अगदी सोपे आहे. सावंतवाडीहून घाट चढून आलेल्या पशुवैद्यांनी प्रथम कुत्रीचे तोंड पट्टीने बांधले. (कुत्रे कितीही गरीब असो, ही खबरदारी घ्यावीच, पिसाळण्याचा रोग आपल्याकडे गेलेला नाही.) मग काचेची एक पट्टी त्या मांसावर हलकेच दाबली, वाळवली, रंग दिला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. गोल गोल पेशी, आणि त्यांत बुडबुड्यांसारखे रिकामे ठिपके. माज दोन-तीन आठवड्यांत आटोपतो, जखम भरत येते. या रोगातले थेंब मात्र थांबत नाहीत. नर कुत्र्याच्या लघवीच्या जागेतून रक्त ठिबकते तेव्हाही हीच शंका घ्यावी.

आणि इलाज? तो तर आपल्या अंगणात उभा आहे. तुळशीपाशी बारा महिने फुलणारी जांभळट-पांढरी सदाफुली ही मूळची मादागास्कर बेटावरची. मधुमेहावर तिचा पाला गुणकारी असे काही देशांत लोक मानीत, म्हणून १९५० नंतर कॅनडात नोबल आणि बीअर या दोघांनी तिचा अभ्यास केला. मधुमेहावर काही उपयोग दिसेना, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र घटलेल्या दिसल्या. त्या धाग्यावरून कर्करोगावरची दोन औषधे हाती आली. त्यांतले व्हिंक्रिस्टिन १९६३ साली अमेरिकेत वापरात आले. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर ते आजही देतात, आणि कुत्र्यांच्या या गाठीवरही तेच. आठवड्याला एक, अशी शिरेतून इंजेक्शने. बहुधा चार ते सहांत काम होते. त्या तांबूस कुत्रीची गाठ दुसऱ्या इंजेक्शनानंतरच आक्रसू लागली. बहुतेक कुत्री यातून पूर्ण बरी होतात. कर्करोगाच्या बाबतीत हे वाक्य बोलायला मिळणे किती दुर्मिळ!

कठीण होते ते दर आठवड्याला तिला पकडणे. ते काम शाळेतल्या पोरांनीच अंगावर घेतले: गुरुजींच्या देखरेखीखाली, भाकरी दाखवून. मधेच सोडलेला इलाज पुढे दाद देत नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते.

पण म्हणून कोणी सदाफुलीचा पाला वाटून जनावराला पाजू नका, आणि स्वतःही घेऊ नका. पाला विषारी आहे. शेकडो किलो वाळल्या पानांतून हे औषध जेमतेम ग्रामभर निघते, आणि तेही शिरेबाहेर सांडले तर आजूबाजूचे मांस झडते. प्रत्येक इंजेक्शनाआधी रक्त तपासावे लागते. इंजेक्शनानंतरचे काही दिवस त्या जनावराची विष्ठा उचलताना हातमोजे घालावेत, गरोदर बाईने तर ती उचलूच नये.

इतर गाठींची हकीकत इतकी सुखाची नाही. कुत्रीच्या सडांपाशी येणाऱ्या गाठींपैकी साधारण निम्म्या निरुपद्रवी असतात; मांजरीच्या बाबतीत मात्र दहांतल्या आठ-नऊ वाईट निघतात. म्हणून मांजरीची गाठ ‘बघू पुढे’ म्हणून ठेवू नये. छातीचा एक्स-रे काढून रोग फुफ्फुसात गेला नाही ना हे पाहतात, मग गाठ कापतात आणि तिचा तुकडा तपासणीला पाठवतात. पहिल्या माजाआधी नसबंदी केली तर कुत्रीत हा धोका फारच उतरतो, असे पशुवैद्य सांगतात. दोन-तीन माज होऊन गेल्यावर तो फायदा फारसा राहत नाही. मोकाट कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण करणे हे २०२३च्या नियमांनी स्थानिक संस्थांचे कामच ठरवले आहे. संग थांबला की ती लागट गाठही आपोआप कमी होते, तेव्हा ग्रामसभेत हा विषय काढायला हरकत नाही.

पांढऱ्या मांजरांच्या कानांच्या टोकांवर आणि नाकावर उन्हाने चरणारी जखम होते. आंबोलीच्या धुक्यात तिची भीती कमी. पण खाली मालवण-वेंगुर्ल्याच्या उन्हात, पत्र्यावर पहुडणाऱ्या मांजराकडे लक्ष ठेवावे. खपली पडते, पुन्हा येते, भरत नाही, अशी जखम असली तर वेळीच कानाचे टोक कापून मांजर वाचते.

आणि काही वेळा इलाज नसतो. तेव्हा दुखणे कमी करणे एवढेच हाती राहते, आणि तेही झेपेनासे झाले तर पशुवैद्याच्या हातून शांत मरण देणे. त्यात निर्दयपणा आहे असे मला वाटत नाही. फक्त एक करा: दुखते म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला देऊ नका. एका गोळीनेही मांजर दगावते.

महिन्यातून एकदा जनावर कुरवाळताना पोटावरून, जबड्याखालून, मागच्या गुडघ्यांच्या मागून बोटे फिरवावीत. गाठ लागली तर तारीख आणि आकार वहीत टिपून ठेवावा: तांदळाएवढी, वाटाण्याएवढी, सुपारीएवढी. पंधरा दिवसांनी पुन्हा पाहावे, आणि ती वाढलेली दिसली तर ती वही घेऊनच सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे. मांजराच्या बाबतीत पंधरा दिवसही थांबू नये.