काळीचा सातबारा आणि पांढरीची माणसे

(मंदिराच्या जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यात केलेले भाषण)



समितीने मला आपल्या गावातील जुन्या वाड्यांविषयी दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली. मी इतिहासाचा अभ्यासक नाही. एस.एस.सी. होऊन तालुका कचेरीत कारकुनी करणारा माणूस आहे. पण जुन्या दप्तराची धूळ झाडता झाडता एक गोष्ट ध्यानात आली, ती आपल्यापुढे ठेवतो.

गाव म्हणजे काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे वस्ती. काळीचा सातबारा निघतो. जमीन कोणाच्या नावे, कूळ कोण, पेरा कशाचा, हे सारे त्यात सापडते. पांढरीचा सातबारा निघत नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये मालकाचे नाव, घराचे माप आणि घरपट्टीचा आकडा मिळतो. त्या घरात कोण नांदले, कोण राबले, कोण पोट भरायला बाहेर पडले, हे कोणत्याही रकान्यात नाही. घर पडले की ती माणसेही पुसली जातात.

आता आपले वाडे कसे होते ते पाहा. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला. त्याआधीच्या काळात वसुली देशमुख-देशपांड्यांकडे असे आणि पेंढाऱ्यांची धास्ती होती. म्हणून गढी आणि वाडा बाहेरून आंधळा. रस्त्याच्या बाजूला खिडकी नाही, भिंत दोन-अडीच हात रुंद. मोठ्या दरवाजाला लहान दिंडी, आतून अडसर. दिंडीतून माणूस वाकूनच आत येई. आत आले की ढेलज. तेथे वाटसरू बसे, गडीमाणसे बसत. पुढे चौक, मग सपरी, माजघर, देवघर, धान्याचे बळद आणि परसात आड. घर मोजायचे ते खणांवर. दोन खांबांमधली जागा तो एक खण.

लाकूड आपल्याच जंगलातले सागवान. तुळया, त्यांवर फळ्या किंवा किलचा आणि त्यावर पांढऱ्या मातीचे धाबे. आपल्याकडच्या वैशाखात बाहेर पाय भाजत असले तरी माजघरात गारवा असे. मात्र जुने ते सारे सोने असे मी म्हणणार नाही. दर पावसाळ्याआधी धाब्यावर माती टाकावी लागे, आणि दुर्लक्ष केले तर तेच छप्पर जिवावर उठे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदाखाली हजारो माणसे गेली, हे आपण विसरलो नाही.

वाड्यांना उतरती कळा का लागली? विदर्भासाठी १९५८ चा कुळकायदा आला, नंतर १९६१ चा कमाल जमीनधारणेचा कायदा आला. कसणाऱ्याला जमीन मिळाली, हे न्यायाचेच झाले. पण शंभर माणसांच्या पंगतीला पुरणारा वाडा एकट्या भावाला पेलेना. मुले शिकली, नागपूर-पुण्याला गेली. वाटण्या झाल्या, चौकात भिंती उभ्या राहिल्या आणि शेवटी सागवान विकले गेले.

थोरांची घरे लोकांच्या आठवणीत राहतात. लोकनायक बापूजी अणे वणीत २९ ऑगस्ट १८८० रोजी जन्मले. यवतमाळला वकिली करणाऱ्या या माणसाने १९३० च्या जुलैत पुसदला जंगल सत्याग्रह केला आणि पुढे ते बिहारचे राज्यपाल झाले. पुसद तालुक्यातल्या गहुलीत १ जुलै १९१३ रोजी वसंतराव नाईक जन्मले. ज्या बंजारा समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहिले, त्या समाजातला हा शेतकऱ्याचा मुलगा १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होता. त्यांचे पुतणे सुधाकरराव १९९१ साली मुख्यमंत्री झाले. एका लहान गावातील एकाच घराण्याने राज्याला दोन मुख्यमंत्री दिले. हे आपल्या जिल्ह्याला भूषण आहे.

पण बंधूंनो, त्या थोरांच्या शेजारच्या घरात कोण राहत होते? तुळया तासणारा सुतार, भिंत घालणारा बेलदार, पऱ्हाटीच्या कुडाच्या घरातला मजूर, पोडावरचा कोलाम, यांची आठवण कोणी ठेवायची?

आज ज्या सभामंडपात आपण बसलो आहोत त्याचे पुढचे चार खांब गावातल्या पडलेल्या वाड्याचे आहेत. व्यापारी रोख पैसे घेऊन दारात उभा असताना वाड्याच्या वारसांनी ते देवाला दिले. त्यांचे नाव संगमरवरी पाटीवर आहे आणि ते योग्यच आहे. पण डावीकडचा खांब जवळ जाऊन पाहा. कमरेपासून खांद्यापर्यंत तो झिजून गुळगुळीत झाला आहे. तो ढेलजेतला खांब. माझे आजोबा त्या वाड्यावर सालदार होते. दिवसभर राबून संध्याकाळी त्या खांबाला पाठ टेकून ते हाकेची वाट पाहत. ढेलजेपुढे गडीमाणसाने जायचे नाही, अशी तेव्हाची रीत होती. एकोणीस वर्षे त्यांनी त्या वाड्यात काढली, पण माजघर पाहिले नाही. कचेरीच्या कोणत्याही कागदावर मला त्यांचे नाव सापडले नाही. माझ्याजवळ त्यांची खूण आहे ती या खांबावर. हे कोणाला दोष देण्यासाठी सांगत नाही. ज्या घराण्याच्या ढेलजेत ते अडले, त्याच घराण्याने दिलेला खांब आज सर्वांना टेकायला मोकळा आहे, याचा मला आनंद वाटतो.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली कागदाची. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी सुरू झाली आणि घराघराची मिळकत पत्रिका तयार होऊ लागली. पांढरीला प्रथमच पक्का कागद मिळू लागला आहे. बाहेरगावी असलेल्या वारसांनी, बहिणींसह, आपली नावे वेळीच लावून घ्यावीत, म्हणजे पुढे भाऊबंदकी वाढणार नाही. पण ड्रोनला वरून छप्पर दिसते, छपराखालची माणसे दिसत नाहीत.

म्हणून दुसरी विनंती वहीची. मंदिराच्या कपाटात एक जाड वही ठेवावी आणि प्रत्येक घराला एक पान द्यावे. घर कोणी बांधले, सुतार कोण, सासरी आलेल्या बायांची नावे काय, गडी कोण, कोण कोठे गेले, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहावे. वाडा आणि झोपडी दोघांनाही सारखेच पान असावे. कोऱ्या वहीचा खर्च मी देतो आणि माझे अक्षर बरे आहे, म्हणून दर रविवारी लिहायलाही बसतो.

देवळाचा जीर्णोद्धार आपण केला. आता माणसांच्या आठवणीचाही करू या.