चार गिगाबाइटची वेस



जुन्या घरगुती संगणकाला आजची मोठी हार्ड डिस्क जोडता येईल का, असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो : नुसती जोडायची आहे, की वापरायची आहे? जोडणं सोपं आहे. कमोडोर कंपनीच्या १९९२ च्या ॲमिगा १२०० मध्ये लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कसाठी आयडीई जोडणी मुळातच दिलेली होती. कॅमेऱ्यातलं कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डसुद्धा आयडीईच्याच पद्धतीने चालतं. साध्या ॲडॉप्टरवर ते बसवलं की यंत्राला ती हार्ड डिस्कच वाटते. घरघर नाही, तापणं नाही. अडचण सुरू होते ती त्यानंतर.

ॲमिगा आपल्याकडे फारशी आली नाही. १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ प्रकल्पातून आपल्या शाळांत आला तो बीबीसी मायक्रो. इथल्या काहींनी त्यावर बेसिकचे धडे गिरवलेही असतील. पण डिस्कच्या मर्यादेची गोष्ट समजून घ्यायची तर ॲमिगासारखं उदाहरण नाही.

पहिली ॲमिगा १९८५ ची. त्या काळी आयबीएमच्या पीसी-एटीला २० मेगाबाइटची डिस्क असे, आणि ॲमिगा ५०० साठी कमोडोरने पुढे काढलेल्या ए५९० मध्येही २० मेगाबाइटच होते. अशा दिवसांत ठरलं, की फाइल सिस्टिमने डिस्कच्या ड्रायव्हरला ‘अमुक जागेपासून वाच’ असं सांगताना ती जागा बाइटमध्ये मोजावी आणि ३२ बिटांच्या आकड्यात लिहावी. ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ वेगवेगळे आकडे मावतात, म्हणजे ४ गिगाबाइट. त्या वेळच्या डिस्कच्या दोनशे पट! याहून पुढचं कुणी पाहायला हवं होतं, असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

पण एक चुटपूट राहतेच. डिस्क स्वतः बाइट मोजत नाही, ५१२ बाइटचे सेक्टर मोजते. जागा सेक्टरमध्ये सांगायचं ठरलं असतं, तर त्याच ३२ बिटांत २ टेराबाइटपर्यंत मजल गेली असती आणि आज मला इथे उभं राहायचं कारण उरलं नसतं.

मर्यादा असण्याबद्दल माझी तक्रार नाही. ती ओलांडली गेल्यावर यंत्र गप्प राहतं, ही माझी तक्रार आहे. जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा मीटर ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येतो, तसा हा आकडा चार गिगाबाइटनंतर शून्यावर येतो. नवी फाइल डिस्कच्या शेवटाकडे लिहिली जातेय असं तुम्हाला वाटतं. प्रत्यक्षात ती डिस्कच्या सुरुवातीला जाऊन आदळते. तिथे काय असतं? अगदी आरंभी ‘रिजिड डिस्क ब्लॉक’, म्हणजे पार्टिशनची सगळी नोंद. त्याला लागून बहुधा तेच पार्टिशन, ज्यावरून यंत्र सुरू होतं. कसलाही इशारा नाही, चूक झाल्याचा संदेश नाही. डिस्क अर्धी रिकामी असेपर्यंत सगळं सुरळीत चालतं, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. मग एके दिवशी यंत्र सुरूच होत नाही.

त्याआधीही एक छोटी वेस आहे, दोन गिगाबाइटची. काही जुने प्रोग्रॅम मोकळी जागा चिन्हासहित आकड्यात मोजतात. दोनच्या पुढे गेलं की जागा उणे दिसते. डिस्क रिकामी असताना इन्स्टॉलर ‘जागा नाही’ म्हणून अडून बसतो. हे हसण्यावारी नेता येतं, चारचं नेता येत नाही.

उपाय निघाले. ६४ बिटांच्या आज्ञा आल्या. बाइटचा हिशेब टाळून थेट सेक्टरचा क्रमांक देणारी ‘डायरेक्ट स्कझी’ पद्धत आली. १९९९ च्या ॲमिगा ओएस ३.५ मध्ये मोठ्या डिस्कची सोय झाली आणि २०१८ च्या ३.१.४ मध्ये ती रॉमपर्यंत पोचली. तुमच्या यंत्रात जुनी ३.१ ची रॉम असेल, तर सुधारलेला ड्रायव्हर डिस्कवरून वाचला जाईपर्यंत यंत्राला जुनंच गणित येतं. म्हणून सुरुवातीचं पार्टिशन पहिल्या चार गिगाबाइटच्या आतच हवं. आणि आयडीईवर एका दमात २५५ सेक्टरपेक्षा जास्त मागायचे नाहीत, म्हणजे ‘मॅक्सट्रान्सफर’ १,३०,५६० बाइटवर ठेवायचा. नाहीतर काही कार्डांवर मोठ्या फाइली गुपचूप बिघडतात.

फाइल सिस्टिमबद्दल माझं मत ठाम आहे : मोठ्या डिस्कवर मूळची एफएफएस नको. लिहिता लिहिता वीज गेली तर ती सगळं पार्टिशन पुन्हा तपासत बसते, आणि १४ मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरवर ही तपासणी फार रेंगाळते. मिखिएल पेल्ट यांची पीएफएस३ ही कटकट ठेवत नाही.

पण मुळात एवढी जागा हवी कशाला? ॲमिगाची फ्लॉपी ८८० किलोबाइटची. चार गिगाबाइटच्या कार्डावर तशा साडेचार हजारांहून अधिक फ्लॉपी मावतात. १२८ गिगाबाइटचं कार्ड बसवणाऱ्यांची हौस मला कळते. शहाणपण कळत नाही.

शेवटी एक विनंती. घरात कुणाची जुनी डिस्क अजून फिरत असेल, तर नवं कार्ड विकत घेण्याआधी तिची संपूर्ण प्रतिमा आजच्या संगणकावर काढून ठेवा. जुनी डिस्क जोडल्यावर विंडोज ‘डिस्क इनिशिअलाइज करू का’ असं विचारेल. तिथे ‘नाही’ म्हणा. ‘हो’ म्हटलंत, तर विंडोज स्वतःची नोंद डिस्कच्या पहिल्याच सेक्टरवर लिहील, आणि ॲमिगाची नोंद बहुधा तिथेच असते.