नवा फोन, जुनी वही

(कट्टा येथे झालेल्या बचत गटांच्या मेळाव्यात एका गटाच्या माजी सचिव ताईंनी केलेलं भाषण. शक्यतो बोललं तसंच छापत आहोत.)



मला विषय दिला आहे 'मोबाईल आणि आपण'. मी काही शिकलेली इंजिनियर नाही. दहावीपर्यंत शाळा, मग लग्न, मग शेती आणि काजू. पण या फोनने मला एक धडा दिला, आणि तो शिकायला किंमत पडली. ती किंमत तुम्हाला पडू नये म्हणून बोलते.

आधी मला सांगा, गेल्या चार वर्षांत घरात नवा फोन आला अशा किती जणी? बघा, जवळजवळ सगळ्यांचे हात वर. आता ज्यांचा जुना फोन खरोखर बंद पडला होता, त्यांनीच हात वर ठेवा. बघितलंत? निम्मे हात खाली आले. हसू नका, माझाही हात खालीच आहे.

आपल्या देशात पहिला मोबाईल कॉल झाला ३१ जुलै १९९५ ला. तेव्हा आलेल्या फोनलाही पैसे पडायचे. २००३ मध्ये येणारा कॉल फुकट झाला आणि मग आपल्यासारख्यांच्या घरात हळूहळू मोबाईल आला. मुंबईचा चाकरमानी चतुर्थीला येताना आपला जुना फोन आईसाठी घेऊन यायचा. रेंज मिळायची नाही म्हणून आपण माळावर जाऊन बोलायचो. मिस्ड कॉल दिला की घरचे समजायचे, एसटी कणकवलीला पोचली. २०१७ मध्ये दीड हजार रुपये अनामत भरून फोर-जीचा बटणांचा फोन मिळायला लागला. त्यानंतर काचेचा फोन घरोघरी झाला.

माझ्याकडेही बटणांचा फोन होता. एकदा चार्ज केला की पाच दिवस बघायला नको. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलं, आठवतं ना? झाडं पडली, खांब पडले, कित्येक वाड्यांत दिवसच्या दिवस लाईट नव्हती. काचेचे फोन दुसऱ्या दिवशी झोपले. रेंज आली तेव्हा आमच्या वाडीत माझाच फोन जिवंत होता. सगळी वाडी माझ्या फोनवरून मुंबईला 'आमी बरी आसू' म्हणून सांगत होती.

असा फोन मी टाकला. का? कारण गटाचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला, बँकेचे मेसेज, मीटिंगचे फोटो. ही गरज खरी होती, मी नाकारत नाही. पण खरं सांगू? गरजेइतकीच हौससुद्धा होती. शेजारच्या वहिनींच्या फोनमध्ये फोटो किती झकास येतात, हे रोज दिसत होतं.

मे महिन्यात काजू बी विकली. त्यातले आठ हजार बाजूला काढले आणि गटातून चार हजार अंतर्गत कर्ज घेतलं. बारा हजारांचा फोन आणला. पहिले आठ दिवस मी काय सांगू! आंब्याचा फोटो, वासराचा फोटो, भाकरीचा फोटो. सासूबाई बघत होत्या. मी दिवसातून दोनदा चार्जिंगला लावते हे बघून म्हणाल्या, "गो, ह्यो फोन हा की दुभती म्हस? दोन येळा चारो घालूचो लागता!"

इथपर्यंत सगळं गमतीचं. आता चूक सांगते.

मी गटाची सचिव होते. नव्या फोनच्या जोरात मी म्हटलं, आता वही कशाला? जून, जुलै, ऑगस्ट, तीन महिन्यांची बचत, हप्ते, सगळं फोनमध्ये लिहिलं. बायकांनी आपली पासबुकं पुढे केली तर म्हणायची, "राहू दे गो, फोनमध्ये आहे." मीटिंग अर्ध्या तासात आटपायची. मला वाटायचं मी किती हुशार.

चतुर्थीच्या आधी एका रात्री फोनने अपडेट मागितलं. मी 'होय' दाबून झोपले. त्या रात्री लाईट गेली होती, बॅटरी आधीच कमी होती. सकाळी उठून बघते तर फोन कंपनीच्या चिन्हावर अडकलेला. पुढे जाईना, बंद होईना. बाजारातल्या मुलाने बघितला आणि म्हणाला, "काकी, सॉफ्टवेअर मारावं लागेल. आतलं सगळं जाईल." वॉरंटी होती म्हणून एसटीने कुडाळला दोन खेपा मारल्या. फोन नव्यासारखा परत आला, आणि नव्यासारखाच रिकामा.

त्याच वेळी गटाचं बँकेचं कर्ज प्रकरण करायचं होतं. बँकेला हिशेब पाहिजे. आम्ही दहाजणी बसलो आणि आठवून आठवून लिहायला लागलो. बचतीचं जमलं, सगळ्यांची सारखीच होती. हप्त्यांवर गाडी अडली. आमच्या गटातल्या एक काकी म्हणाल्या, "जुलैचो पाचशेचो हप्तो मी दिलंय." मला आठवेना. बाकीच्यांनाही मीटिंगमध्ये दिलेला आठवेना. काकी म्हणाल्या, "मीटिंगेक नाय गो, पावसातसून तुझ्या दारात येवन दिलंय." मी काय बोलले माहीत आहे? मी म्हटलं, "काकी, फोनमध्ये असता तर दिसला असता." अहो, फोनमध्ये काहीच नव्हतं! तरी मी तसं बोलले. काकी उठून गेल्या. पुढच्या मीटिंगला आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. आमच्या गटाच्या पहिल्या दिवसापासूनच्या सभासद त्या.

चतुर्थी झाल्यावर मी बँकेत जाऊन गटाचं पासबुक भरून आणलं. जुलैचा भरणा बघितला. आमच्या आठवणीतल्या बेरजेपेक्षा बरोबर पाचशे रुपये जास्त. काकींनी दिलेले पैसे मीच घेतले होते, मीच बँकेत भरले होते आणि मीच विसरले होते.

त्याच संध्याकाळी काकींच्या घरी गेले, पासबुक दाखवलं, माफी मागितली. काकींनी चहा दिला. म्हणाल्या, "पैशाचा काय नाय गो. माका खोटी ठरवलंस, त्या लागला." मैत्रिणींनो, फोन बारा हजारांचा होता. पण गट कशावर उभा असतो, तर मी दिलेला रुपया लिहिला जातो या भरवशावर. तो भरवसा मी एका अपडेटमध्ये घालवायला निघाले होते. काकी मीटिंगला परत आल्या, हे त्यांचं मोठेपण. सचिवपद मी पुढच्या वर्षी सोडलं.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे फोन नकोच काय? तसं नाही. आज उमेदमध्ये गटांची माहिती लोकोस ॲपवर भरतात. ते चांगलंच आहे, वर बसलेल्यांना आपला गट दिसतो. पण क्रम लक्षात ठेवा: आधी वही, मग सभासदाचं पासबुक, मग सही किंवा अंगठा, आणि शेवटी फोन. पंचसूत्रीत लेखे अद्ययावत ठेवायला सांगितलं आहे. वही पावसात भिजली तरी वाळवून वाचता येते. आणि वहीच्या पानाचा दर महिन्याला फोटो काढून ग्रुपवर टाका, म्हणजे तो दहा फोनमध्ये राहील. फोनचा उपयोग असा करून घ्यायचा.

अपडेटला घाबरू नका. ती पुष्कळदा सुरक्षेसाठी असतात. पण लावायच्या आधी फोटो आणि नंबर यांचा बॅकअप घ्या, बॅटरी भरलेली ठेवा, आणि लाईटचा भरवसा नाही अशा रात्री लावू नका.

नवा फोन घ्यायच्या आधी जुन्याला एक संधी द्या. फोन हळू चालतो म्हणजे म्हातारा झाला असं नाही. बहुतेक वेळा तो 'शुभ सकाळ'च्या फोटोंनी आणि व्हिडिओंनी तुंबलेला असतो. व्हॉट्सॲपमध्ये फोटो आपोआप उतरणं बंद करा. चार्जिंग टिकत नसेल तर फक्त बॅटरी बदलून बघा. या बॅटऱ्या साधारण पाचशे वेळा पूर्ण चार्ज झाल्या की थकायला लागतात, आणि उष्णतेने लवकर थकतात. चुलीच्या कट्ट्यावर, उन्हात खळ्यात फोन ठेवू नका. मात्र कधी कधी फोन चांगला असूनही बदलावा लागतो, हेही खरं. २०२५ च्या जानेवारीपासून जुन्या अँड्रॉइडवर, म्हणजे ४.४ आणि त्याच्या मागच्या फोनवर, व्हॉट्सॲप बंद झालं. आपला राग येतो, पण तिथे आपला इलाज नाही. म्हणून जुना फोन विकत घेताना त्यात अँड्रॉइड कितवं आहे ते विचारा.

आता पैशांचं. दुकानदार सांगतो, 'झिरो टक्के हप्ता'. तेव्हा दोन प्रश्न विचारा: रोख घेतला तर किती सूट? आणि फाईल चार्ज किती? ती सूट जाते आणि चार्ज लागतो, तेच तुमचं व्याज. मी गटातून चार हजार घेतले, महिना दोन टक्क्यांनी, दहा हप्त्यांत फेडले. शिल्लक रकमेवर व्याज धरून एकूण ४४० रुपये पडले. आणि ते ४४० रुपये गेले कुठे? आपल्याच गटात. चतुर्थीच्या वाटणीत त्यातले माझ्याकडेही परत आले.

पक्कं बिल घ्या, वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का घ्या. दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या वस्तूच्या तक्रारीला फी नाही. पैसे ऑनलाईन चोरीला गेले तर लगेच, त्याच तासाला १९३०.

आणि नंबर! नवा फोन आला की मुलं नवं सिमही घेतात, जुनं तसंच पडून राहतं. ९० दिवस वापर झाला नाही तर कंपनी नंबर बंद करू शकते, आणि पुढे तो दुसऱ्या कुणाला मिळतो. तुमचं बँक खातं आणि आधार त्या नंबरला जोडलेलं असेल तर ओटीपी त्याच्याकडे जाईल. फोन हवे तेवढे बदला, नंबर बदलायच्या आधी बँकेत जा.

माझा तो फोन अजून आहे. काचेला तडा गेलाय, मुलगा म्हणतो बदल. बघते, बदलीन तेव्हा बदलीन. बटणांचा फोनही कपाटात चार्ज करून ठेवलाय, वादळाचं काही सांगता येत नाही. आणि गटाची वही आता नव्या सचिव लिहितात. दर मीटिंगला सगळ्यात आधी काकी आपलं पासबुक पुढे करतात आणि माझ्याकडे बघून हसतात. मी पण हसते.